मंगलचं नाव, माझं अक्षर

१८ मार्च, मंगळवार

आज लोकसभेत मंगलचं नाव घेतलं.

मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या अंगणवाडीत मदतनीस. सेविका मी आहे, चौदा वर्षं.

महिला-बालकांच्या खात्यावर सरकारनं किती खर्च करायचा याची चर्चा होती. आपले खासदार बोलणार असं कळलं होतं, म्हणून पोरं घरी सोडल्यावर मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून बसले. दोन तास. एक जण म्हणाले, खर्च वाढवलाय. दुसरे उठून म्हणाले, वाढवलाय तर पोरं पत्र्याखाली का बसतात? मग गोंधळ. मग एकदाचे आपले साहेब. म्हणाले, उजनीच्या काठाला एका गावात मंगल नावाची अंगणवाडी सेविका आहे. पोरांना ऊन लागू नये म्हणून ही बाई रोज शेडच्या पत्र्यावर चढते, गोणपाटं अंथरते, त्यावर पाणी मारते. हिला आपण एक खोली देऊ शकत नाही का? बाकं वाजली. त्यांची वेळ संपल्याची बेल वाजली तरी त्यांनी जाता जाता परत एकदा नाव घेतलं.

सेविका म्हणाले तिला. सेविका!

गोणपाटांची कल्पना कुणाची? माझी. गोणपाटं कुणाच्या घरची? माझ्या. पत्र्यावर चढते ती, हे खरं. पण चढ म्हणून सांगतं कोण?

१९ मार्च

तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आलाय. सकाळपासून अंगठे आणि फुलं. सासूबाईंचा पाच वेळा बघून झाला, दर वेळी डोळ्याला पदर. "माज्या सुनंचं नाव दिल्लीत गाजलं की गं!" मी पण त्यांचीच सून आहे, थोरली.

ह्यांना म्हटलं, चूक झालीय साहेबांची, कळवायला पाहिजे. तर हसत म्हणाले, "तुझ्या पोटात का दुखतंय?"

दुखतंय. लिहूनच ठेवते. लई दुखतंय.

इथून पुढं नुसतं मं. लिहिणार. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

२० मार्च

हे कसं झालं ते आठवलं. साहेब गेल्या उन्हाळ्यात गावात आले होते, तेव्हा मी आठ पानांचं निवेदन तयार ठेवलं होतं. शेडाचं माप, पटावरची पोरं, कुणाचं वजन कधी कमी झालं, ग्रामपंचायतीनं दाखवलेली देवळामागची मोकळी जागा, सगळं. समास आखून, तांबड्या-निळ्या शाईत. माझं अक्षर शाळेत असल्यापासून गाजलेलं आहे. त्यांच्या माणसाकडं फाईल दिली. ती कुठं गेली कुणास ठाऊक.

साहेब शेडापाशी आले तेव्हा मी आत एका पोराला वजनकाट्यावर धरलं होतं. पोर रडत होतं, हात सोडता येईना. मं. शिडीवर होती, हातात बादली. साहेबांनी खालूनच विचारलं, "ताई, काय करताय?" तिनं सांगितलं. "नाव काय?" तेही सांगितलं. एवढंच.

आठ पानं लिहून मी राहिले आणि ही शिडीवरून लोकसभेत गेली. आयत्या बिळावर नागोबा.

२२ मार्च

ग्रामपंचायतीत सत्कार. शाल, नारळ, फेटा. फेटा बांधताना मं. लाजून खाली बघत होती. मी पहिल्या रांगेत, कारण जाऊ. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमी पन या की फोटूत." तुमी पन! गेले. हसले सुद्धा. फोटो बघितला, हसण्यात दातच दिसतायत नुसते.

तिला बोलायला लावलं. म्हणाली, "मी काय न्हाय केलं. आक्का सांगत्यात तसं करती." टाळ्या पडल्या. ह्या गरीब गाईनं गोड बोलून त्या पण खाल्ल्या.

घरी आल्यावर शाल माझ्यापुढं धरली. "आक्का, तुमाला घ्या. मला काय करायची?" मी म्हटलं, ठेव तुझी तुला. रागानं म्हटलं ते तिला कळलंच नाही. म्हणाली, मग पोरांच्या खाली अंथरू. आणि अंथरली की खरंच!

२५ मार्च

चर्चेच्या उत्तरात मंत्री म्हणाले होते, सदस्यांनी सांगितलेल्या केंद्राची माहिती मागवून घेऊ. तेव्हा मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाले. पण आज खरंच कागद आला. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून सोलापूर, तिथून आमच्या पर्यवेक्षिका मॅडम, मॅडमकडून मी. एका बाईच्या नावासाठी एवढे कागद हलतात, आणि आम्ही चौदा वर्षं खोली मागतोय तर एक हलला नाही.

चार प्रश्न. १) भाषणातील मंगल नावाची सेविका या केंद्रात आहे का? २) केंद्र पत्र्याच्या शेडमध्ये भरते का? ३) खोलीसाठी जागा आहे का? ४) खोलीची शिफारस करावी का?

मॅडम फोनवर म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत द्या. खरं तेच लिहा, तुमच्या सहीनं जाणार आहे."

माझ्या सहीनं. म्हणजे तिचं नाव दिल्लीत पक्कं करायचं, ते पण मीच.

२६ मार्च

लिहिलं. जसंच्या तसं इथं उतरवते.

१) सदर नावाची सेविका या केंद्रात कार्यरत नाही.
२) लागू नाही.
३) लागू नाही.
४) लागू नाही.

यात एक शब्द खोटा नाही. ती सेविका नाहीच. मदतनीस आहे. मला सेविका कोण असं विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही.

सही केली, शिक्का मारला. मॅडम गाडीवरून पुढच्या गावाला निघाल्या होत्या, कागद न वाचताच पिशवीत टाकला. "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं," एवढं मात्र म्हणाल्या.

संध्याकाळी बरं वाटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२८ मार्च

वजनाचा दिवस. ऊन आत्ताच मे महिन्यासारखं. शेडमध्ये पाणी प्यायलं तरी तोंड कोरडं. मं. तीनदा वर चढली. तिसऱ्यांदा उतरताना तिच्या तळव्याला पत्र्याचा चटका बसला, बसून फुंकर मारत होती. मी विचारलं नाही. काढून ठेवलेलं तेल होतं डब्यात, दिलं नाही.

वजनकाट्यावरून उतरलेल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, नव्या खोलीत पंखा आसल?" कुणी सांगितलं तुला? तर मं.कडं बोट.

असेल, म्हटलं. वजन चुकीचं लिहिलं, खोडून परत लिहिलं.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली, पुरणपोळी झाली. चारच्या सुमारास देवळामागं गलका ऐकू आला. गेले. तर मं. आणि पटावरची निम्मी पोरं, बाभळीच्या चार खुंट्या ठोकून साडीच्या काठाच्या चिंध्यांनी चौकोन बांधत होती. चौकोनात पोरं पंगतीला बसावी तशी बसलेली.

"आक्का, बरं झालं आला. खिडकी कुनीकडं ठिवायची? मला वाटतं हिकडं, वारं धरनाकडनं येतं. पन तुमी म्हनाल तितं."

मी म्हटलं, अजून काही मंजूर नाही, कशाला नाचताय?

"होतंय की. तुमी लिवलंय म्हनल्यावर होनारच. मला कुटं लिवता येतं? मी आपली शिडीवर चढनार."

हे ती लावून बोलली नाही. तिला लावून बोलता येत असतं तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

खिडकी तिकडंच ठेव म्हटलं. पोरांनी तिथं एक वीट ठेवली. मी तशीच माघारी फिरले. घरी येऊन मॅडमला फोन लावला. "तो कागद परवाच सोलापूरला गेला, ताई. मंगळवारी तिथल्या ऑफिसातले साहेब सगळ्यांचा अहवाल मुंबईला पाठवणार. का हो, काही राहिलं का?"

राहिलं, म्हटलं.

३१ मार्च

आज ईदची सुट्टी. दिवसभर दुसरा कागद लिहिला. चार वेळा. तीनदा फाडला, कारण दर वेळी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात "कल्पना सेविकेची" हे शब्द येतच होते. काढले. परत आले. काढले.

शेवटचा असा: "भाषणात सांगितलेले काम या केंद्राच्या मदतनीस मंगल या रोज करतात. चढताना मी स्वतः पाहिले आहे." बाकीच्या तीन प्रश्नांना पूर्ण उत्तरं दिली, जागेचं माप टाकलं. खिडकी कुठं तेही लिहिलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

मन मोठं झालं असं कुणी समजू नये. तिचं नाव लिहिताना अजून दात आवळले जातात.

१ एप्रिल, मंगळवार, सोलापूर

जेऊरहून सकाळची गाडी धरली. घरी सांगितलं मीटिंग आहे. मंगलनं डबा दिला. पोळीखाली वाटीभर शेंगाचटणी, मला आवडते म्हणून.

ऑफिसात अकराला पोचले. साहेब आत कुणाशी तरी बोलतायत. बाहेरच्या क्लार्कना गावाचं नाव सांगितलं तर उठूनच उभे राहिले. "भाषणातल्या मंगलताई त्या तुम्हीच का?"

अख्ख्या ऑफिसनं माना वळवल्या. एक क्षण, एकच, हो म्हणावंसं वाटलं. मग म्हटलं, "नाही. ती माझी जाऊ."

तरी खुर्ची दिली. पंख्याखाली. चौदा वर्षांत या ऑफिसात मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली, ती पण तिच्या नावावर. बसले. उन्हातून आले होते.

अहवालांचा गठ्ठा बांधून तयार आहे, बारा वाजता टपाल निघतं. आधीचा कागद काढून हा ठेवायचाय म्हटलं, तर क्लार्क म्हणाले, सगळ्या तालुक्यांचे कागद एकात एक गेलेत, तुमचा सापडेल की नाही सांगता येत नाही. नाही सापडला तर आहे तसाच जाईल. सुतळी सोडून शोधतायत. पावणेबारा झालेत.

मीच त्यांना सांगितलं, अक्षर बघा, लगेच ओळखू येईल.