मोहटोल्याचे दगड आणि सानगडीला गेलेली बेबीबाई

दि. १७ एप्रिल २०२३

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, मोहटोला, जि. भंडारा

अर्जदार : तुलाराम धनीराम लांजेवार, रा. मोहटोला

विषय : सायकल-वाटेवरील दगड चोरल्याचा आरोप मागे घेऊन अर्जदाराची बायको परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपण मागच्या सोमवारी अर्जदाराच्या अंगणात येऊन स्वहस्ते दिलेली नोटीस.

महोदय,

१. आपल्या खात्याने आमच्या जंगलातून डोंगरी सायकलींसाठी 'मध्यम श्रेणी'ची वाट काढली व वळण कळावे म्हणून फाट्याफाट्यावर दगडांच्या राशी रचल्या. परंतु आमच्याकडे जंगलात दगडांची रास दिसली की ती वाघदेवाची, आणि जाणाऱ्याने तिच्यावर एक दगड ठेवूनच पुढे जायचे, अशी रीत आहे. मोह वेचणाऱ्या बायांनी पाहता पाहता राशी कमरेएवढ्या केल्या.

२. अर्जदाराची पत्नी बेबीबाई हिला एवढे देव उन्हात बसलेले पाहवेनात. "सरकारनं देव मांडले, पन त्याइले पानी कोन घालन?" असे म्हणून तिने टोपल्याटोपल्याने दगड आणून अंगणात मांडले व शेंदूर लावला. आता फाट्यावर खूण नाही आणि अंगणातली रास लांबून दिसते. त्यामुळे नागपूरचे सायकलवाले वाळत घातलेल्या मोहफुलांवरून थेट अर्जदाराच्या दारात उतरतात. बेबीबाई होती तोवर त्यांना देवाला आलेले समजून चहा पाजायची.

३. नोटिशीचा मान राखून अर्जदार फाट्यावर परत ठेवण्यासाठी मावतील तेवढे दगड गोणीत भरून, गोणी कॅरिअरला बांधून त्या वाटेने सायकलवर निघाला. बोडीच्या तळ्यापर्यंत पळस, बांबू, गार वारा, सारे झकास होते. अर्जदाराला आपण अजून तरुण आहोत असेही वाटले. पुढे उतार लागला. त्या उताराला 'मध्यम' कोणी ठरवले ते कळल्यास उपकार होतील. ब्रेक दाबला तर नुसता आवाज आला. सागाची मुळी, मग खडक, मग नाला या क्रमाने अर्जदार खाली पोहोचला. गोणी त्याच्या आधीच पोहोचून फुटली होती. मागून आलेल्या शेजारी ताराचंदने अर्जदाराला उठवण्याआधी त्या ढिगावर एक दगड ठेवला. आता काही सायकलवाले नाल्यात उतरतात.

४. हे कळताच बेबीबाई भावाकडे सानगडीला निघून गेली. "देवाले नाल्यात पाडलं, आता साहेबासंगच संसार करा," एवढेच बोलली. भात रोज करपतो, गाय जवळ उभे राहू देत नाही. खरे सांगायचे तर अर्जदाराला तिच्याशिवाय करमत नाही. नोटीस रद्द झाल्याशिवाय ती उंबरा चढणार नाही, असा निरोप आहे.

५. आता नाजूक मुद्दा. त्या सोमवारी नोटीस देऊन निघताना आपण राशीपाशी थांबलात, इकडेतिकडे पाहिलेत, बूट काढलेत आणि कुंपणाजवळचा एक दगड उचलून हळूच वर ठेवलात. बेबीबाई आत चहा टाकत होती, तिने पाहिले नाही. अर्जदाराने पाहिले. रास सरकारी माल असेल, तर पंचनाम्यात तो दगड कोणी ठेवला हेही लिहावे लागेल. देव असेल, तर चोरी कसली?

६. ही हकिकत ऐकली तर बेबीबाई मिळेल त्या गाडीने परत येईल. सांगण्यास आपली परवानगी असावी. मात्र तिला कळलेली गोष्ट सानगडीपासून भंडाऱ्यापर्यंत अख्ख्या एसटीला कळते. म्हणून त्याआधीच नोटीस मागे घेणे उभयतांच्या सोयीचे होईल.

आपला नम्र, व तूर्त एकटा,
तुलाराम धनीराम लांजेवार

सोबत : नोटिशीची प्रत.
(आपला दगड जोडलेला नाही. तो जागेवर आहे. अर्जदार रोज पाणी घालतो.)