पट्टा येईपर्यंत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोठीने अंडी घातली. ऑफिसातून आलो, बूट काढायला वाकलो, तर टाकीतल्या फरशीच्या तुकड्यावर नारिंगी डाग. आधी वाटलं, खाणं सांडलंय. जवळ जाऊन पाहिलं — दाणे, एकाला एक लागून, नीट बसवल्यासारखे.

दादा जाऊन दोन महिने झाले. माशांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वहिनींना दारातूनच कळवलं. त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. 'बरं,' म्हणाल्या. तेवढंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दिवसभर बाजारात दुकानदारांचे काटे तपासले. वजनमापांच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, आता पाय बोलायला लागलेत. घरी येऊन टाकीचं पाणी बदललं. मीठ घाला, ढवळा, मोजा, पुन्हा घाला. दादा हे शीळ घालत करायचा. मी कंबर धरून करतो.

धाकटा अंड्यांपाशी बसून पंखांनी वारा घालतोय. या माशांत मोठी असते ती मादी, लहान तो नर, आणि अंडी सांभाळायचं काम नराकडे. मोठी नुसती फेऱ्या मारते. दादा त्यांना क्लाउनफिश म्हणायचा, वहिनी जोकर म्हणायच्या. 'बघा जरा,' त्या दादाला म्हणायच्या, 'बाप कसा वारा घालतोय. शिका काहीतरी.' दादा मिशीत हसायचा. मूल नव्हतं त्यांना, तरी हा विनोद चालायचा. मीच उठून आत जायचो.

आज जेवण मी केलं. वहिनींनी दोन घास खाल्ले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

टाकीवाल्याकडे गेलो. दुकानाचं नाव भलं मोठं आहे, पण दादाने त्याला टाकीवाला केला तो केला. बिचारा आधी दादाबद्दल बोलला. मग म्हणाला, तुमच्याने नोकरी सांभाळून हे व्हायचं नाही, मासे आणि टाकी मी परत घेतो. पिल्लं वाढवणं म्हणजे घरात तान्हं मूल — एक नव्हे, शेकडो, आणि सगळी एकदम भुकेली.

मी म्हटलं, एकदा बघतो.

मान हलवत त्याने दोन बाटल्या दिल्या. नुकतीच फुटलेली पिल्लं तयार खाणं खात नाहीत. त्यांना हलणारं, जिवंत काहीतरी लागतं. ते म्हणजे रोटिफर — धुळीच्या कणाएवढे जीव. एका बाटलीत ते. दुसऱ्या बाटलीत हिरवं पाणी, कारण रोटिफर त्याच्यावर जगतात. 'हिरवं संपलं की रोटिफर मेले. रोटिफर मेले की पिल्लं मेली. रांगच आहे ती,' म्हणाला.

हिरवं पाणी वाढवायला बाटल्यांत भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. रोटिफर ओट्याखालच्या बादलीत.

दादाने बरेचदा प्रयत्न केला होता. पहिल्या आठवड्यातच सगळी जायची. मग तो चहाच्या गाळणीने ती काढायचा आणि त्या दिवशी कुणाशी बोलायचा नाही. दवाखान्यात एकदा मला म्हणाला होता, 'पांढरा पट्टा आला की समज, जगली. तिथवर एकदा पोचलं पाहिजे रे.' मी म्हटलं होतं, पोचू. काय बोलणार होतो दुसरं!

सोमवार, १० फेब्रुवारी

अंड्यांत डोळे दिसायला लागले. चंदेरी. सगळे माझ्याकडेच बघतायत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

टाकीवाल्याने सांगितलं होतं, आज फुटतील. संध्याकाळी फरशीचा तुकडा उचलून छोट्या टाकीत ठेवला. धाकटा रिकाम्या जागेवर येऊन थांबला, गोल फिरला, पुन्हा थांबला. त्याच्या वाऱ्याऐवजी आता हवेच्या नळीचे बुडबुडे. अंडी पूर्ण अंधारातच फुटतात, म्हणून टाकीवर जुनी चादर टाकली आणि बाहेरच्या खोलीतला दिवा बंद केला.

नेमक्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका आल्या. 'अंधारात बसलात का हो?' मी माशांचं सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांची नजर आतल्या खोलीकडे. वहिनी आता भावाकडे जाणारच असतील ना, म्हणाल्या. लोकांचं काय, लोक बोलतातच, असंही म्हणाल्या. म्हणजे त्याच बोलतात.

त्या गेल्यावर चादर उचलून बॅटरी लावली. फुटली होती! कापलेल्या नखांचे बारीक तुकडे पाण्यात सोडावेत तशी, पण प्रत्येकाला डोळे.

दारातून म्हटलं, पिल्लं झाली. वहिनींनी कूस बदलली. 'किती?' मोजता येत नाहीत, म्हटलं. तेवढंच. पण विचारलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

खातायत. पोटं फुगलेली दिसतात. मला मात्र जेवताना डुलकी लागली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज अर्धा दिवस. दार उघडलं तर घरात साबणाचा वास. वहिनी उठल्या होत्या. केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, सबंध स्वयंपाकघर धुऊन काढलेलं. आणि खिडकीत बाटल्या पालथ्या. स्वच्छ. आरपार दिसत होत्या. बादलीही घासून उपडी.

'शेवाळ धरलं होतं सगळ्याला,' म्हणाल्या. 'शिळं पाणी साठवून ठेवायची ही काय सवय, भाऊजी? मी पडून होते, पण तुम्हाला तर डोळे होते.'

मी म्हटलं, हो. राहून गेलं.

त्यांनी चहा केला. दोन महिन्यांनी त्यांच्या हातचा चहा. चांगला झाला होता. तसं सांगितलंही. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून नुसता उभा राहिलो.

रविवार, १६ फेब्रुवारी

टाकीवाल्याचं दुकान बंद. फोन उचलत नाही. मोठ्यांचं खाणं अगदी पीठ करून टाकलं — पिल्लं ढुंकून बघत नाहीत. छोट्या टाकीत आधी सोडलेले थोडे रोटिफर उरले असतील, त्यावर जी काय तगतील ती. तळाशी पांढुरका थर दिसायला लागलाय. वहिनींनी विचारलं, तर म्हटलं, पहिल्या आठवड्यात असं होतंच.

दुपारी त्यांचा धाकटा भाऊ आला. माणूस वाईट नाही. बहिणीला न्यायलाच आला होता. 'ताई, इथे आता काय आहे तुझं?' म्हणाला. खोली तयार आहे, बायकोही वाट बघतेय. आणि मग माझ्याकडे न बघता — दोघंच एका घरात, बरं नाही दिसत, तुझ्या दिरांनाही अवघड. मी काही बोलेन म्हणून थांबला. मी म्हटलं, त्यांची इच्छा.

वहिनी उठल्या आणि छोट्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या. दादा गेल्यापासून तिथे फिरकल्या नव्हत्या.

'यांना पट्टा येऊ दे,' म्हणाल्या. 'मग येते.'

'कसला पट्टा?'

त्यांनी सगळं सांगितलं. जन्मतः अंगावर काही नसतं, मग डोळ्यामागे पांढरी रेघ उमटते, ती उमटली की धोका टळला. दादाचेच शब्द. मला वाटायचं, दादा हे मलाच सांगतो. भाऊ हसला, म्हणाला, चालेल, माशाच्या पट्ट्यासाठी थांबतो. जाताना त्याने जायचं नक्की झाल्यासारखी वहिनींची मोठी बॅग सोबत नेली.

मी टाकीकडे बघत होतो. पट्टा कसला, उद्याची सकाळ दिसली तरी पुष्कळ. मेली तर वहिनी लगेच जाणार. जगली तर थोड्या दिवसांनी जाणार. एवढाच फरक. तरी जगावीत असं वाटतंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ऑफिसातून आलो तर घराला कुलूप. वहिनी घरात नाहीत! जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. भाऊ येऊन घेऊन गेला असेल, हेच डोक्यात.

मग रस्त्यावरून त्या येताना दिसल्या. छातीशी प्लास्टिकचा कॅन कवटाळलेला. केस विस्कटलेले, पायांत घरातल्याच चपला. दुपारी टाकीवाल्याने घरी फोन केला होता, हिरवं पाणी वाढतंय ना विचारायला. वहिनींनी उचलला. कुठलं हिरवं पाणी, असं त्यांनी विचारलं आणि त्याने सगळी रांग सांगितली. त्या तशाच उठून बस पकडून त्याच्या दुकानात गेल्या आणि रोटिफर घातलेलं हिरवं पाणी घेऊन आल्या.

आत आल्या. कॅन खाली न ठेवताच अर्धा छोट्या टाकीत ओतला. मग माझ्याकडे वळल्या.

'सांगितलं का नाहीत?'

'राहून गेलं.'

'मासे खाऱ्या पाण्यात राहतात, ते ठीक आहे, भाऊजी. तुम्ही कशाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसता?'

'हेही असेच होते,' म्हणाल्या. 'छातीत दुखतंय हे मला सांगायलासुद्धा राहूनच गेलं त्यांचं.'

आणि रडायला लागल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी पुढे होऊन कॅन हातात घेतला. तेवढंच करता आलं.

मला म्हणायचं होतं, तुम्ही उठलात, त्यापुढे बाटल्यांचं काय एवढं. इथे लिहिलं. तिथे नाही जमलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बहुतेक गेली. गाळणी वहिनींनी घेतली, मला घेऊ दिली नाही. 'बाटल्या मी धुतल्या,' म्हणाल्या, 'हेही मीच करणार.' ऊठसूट चुका काढणाऱ्या बाई, पण स्वतःची कबूल करताना शब्द वाया घालवत नाहीत.

मूठभर उरलीत. हिरव्या पाण्यात दिसतात, हरवतात, पुन्हा दिसतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळचं खाणं वहिनींकडे, संध्याकाळचं माझ्याकडे. असं ठरवलं नाही, होत गेलं. आज सकाळी दाढी करताना ऐकलं — 'खा की मेल्यांनो.' मग अगदी हळू, 'तुम्हाला नाही रे म्हटलं.'

वस्तरा बाजूला ठेवावा लागला. हसू येत होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दादाच्या पुढे गेलो. आठवडा उलटून गेला, पिल्लं आहेत. आनंद व्हायला हवा. झाला असेल, पण थकव्याखाली कुठेतरी दबलाय. पाणी बदलताना बादली उचलली तर पाठीत चमक भरली. वहिनींनी दुसरी बाजू धरली.

भावाचा फोन आला. आला का पट्टा, हेच. काल पण आला होता. 'तो काय टपालाने येतो?' वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर बराच वेळ टाकीपाशी होत्या. काय बघत होत्या, विचारलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी बॅटरी लावून पाहिलं. एकाच्या डोळ्यामागे पांढरी रेघ. श्वास लागून काच धूसर झाली, पुसली, पुन्हा पाहिलं. दुसऱ्यालाही. दादा, पोचलो रे!

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. हाक मारायला तोंड उघडलं.

मारली नाही. बॅटरी बंद केली आणि न खाताच ऑफिसला गेलो. दिवसभर एक काटा मला बरोबर वाटेना. दुकानदार वैतागला. काट्यात काही खोट नव्हती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आता सगळ्यांना आलाय. चष्म्याशिवाय, दारातून दिसतोय.

संध्याकाळी भावाचा फोन. वहिनींनी फोन कानाला धरूनच मला विचारलं, 'भाऊजी, पट्टा दिसतो का?'

मी म्हटलं, नाही.

त्या उठल्या. चष्मा लावला. काचेला नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. बराच वेळ.

मग फोनमध्ये म्हणाल्या, 'नाही रे. मलाही नाही दिसत.'