खदानीवरच्या खोलीला कुलूप नाही

३ मार्च
आजपासून डायरी. गोपनीय शाखेच्या हवालदारानं मन मोकळं करावं तरी कुठं? जिंतूर रोडच्या खदानीवर सुरुंगाच्या जिलेटिन कांड्या ठेवतात, त्या खोलीला कुलूप नाही. कडीला नुसती सुतळी. पहारेकरी बजरंग म्हणाला, इकडं कोण मरायला येतंय. मला थेट देशाची सुरक्षा धोक्यात दिसली. साहेबांना रिपोर्ट दिला. आठवड्यात वरून फोन येणार. बहुतेक दिल्लीचा.

११ मार्च
फोन नाही. दिल्लीत अशी प्रकरणं शांतपणे हाताळतात. साहेब भेटले, पण यात्रेच्या बंदोबस्ताचंच बोलले. गुप्तता पाळायलेत.

१७ मार्च
वेशांतर करून खदानीवर. कापसाचा व्यापारी. बजरंगनं लांबूनच विचारलं, हवालदारसाहेब, चहा घेताव का. घेतला. दुसऱ्या रिपोर्टात ‘स्लीपर सेल’ला अंडरलाइन केलं. अख्खं ठाणं हसलं. हसू द्या.

२९ मार्च
पेटीभर कांड्या चोरीला. मी बरोबर ठरलो. आता साहेब मला पुढं करणार. युनिफॉर्मला कडक इस्त्री.

३० मार्च
पुढं केलं. आरोपीच्या बाकड्यावर. कुलूप नाही हे तुलाच कसं माहीत? वेश बदलून का जायचास? बजरंगनं साक्ष दिली, हे रोज यायचे. राजेश्रीनं चौकशीला आलेल्यांना सांगितलं की मी झोपेतही जिलेटिन बरळतो. बायको आहे माझी. मी रिपोर्टचं सांगितलं. साहेब खिडकीकडं बघत म्हणाले, “असला रिपोर्ट माझ्याकडं आलाच नाही.” या माणसाच्या लेकीच्या लग्नात मी पंगती वाढल्या होत्या.

२ एप्रिल
सुटलो. स्लीपर सेल निघाला नाही. गावातल्या दोघांनी धरणात मासे मारायला कांड्या नेल्या होत्या. एक कांडी हातातच फुटून त्यातल्या रविकांत नावाच्या पोराचा उजवा पंजा गेला. साहेबांनी टीव्हीवाल्यांना सांगितलं, आम्हाला आधीच कुणकुण होती. माझी बदली देवगाव फाट्याला, ट्रॅफिकमध्ये. मोक्याची जागा आहे. तिथून साऱ्या मराठवाड्यावर नजर ठेवता येईल.

४ एप्रिल
दवाखान्यात गेलो. वाटलं, निदान रविकांतच्या आईला तरी माझी किंमत कळेल. कस्तुराबाईंना सगळं सविस्तर सांगितलं. दोन्ही रिपोर्ट, अंडरलाइन, साहेबांची दगाबाजी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमाला ठावं होतं तर तुमीच एक कुलूप का लावलं न्हाई?”
मी सांगितलं, ते आमच्या शाखेकडं येत नाही.
नियमानं उत्तर बरोबर आहे. बाई पोराच्या तोंडाला पाणी लावत बसल्या. आधी मीच उठलो.