सरकारी यादीतलं नाव

प्रिय तेपाएरु,

तुआकानाला आम्ही शनिवारी पुरलं. तुझ्या भावाने फोनवर कळवलं असेलच, पण तो आला उशिरा आणि गेला लवकर, म्हणून मी लिहिते. चर्च भरलं होतं. कागदगिरणीतले जुने लोक आले, त्यातले दोघे काठी टेकत. ज्या शाळेत तुआकाना शेवटची सहा वर्षं झाडलोट करत होता तिथल्या शिक्षिका आल्या. जेवणात तारोचे उकडलेले कंद, बटाट्याचं गुलाबी सॅलड, केळ्याचा गोड पोके, कशाला काही कमी नव्हतं. बायको म्हणून तुझ्या नावाचा हार मीच पेटीवर ठेवला. तुला विचारायला हवं होतं. त्याला मांगाइआ बेटावर, आपल्या घराच्या अंगणात पुरावं अशी त्याची इच्छा होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पेटीचं विमानभाडं परवडणारं नव्हतं, आणि पेटी उतरवायची तरी कुठे? तुमच्या त्या घराचा नुसता पायाच आहे ना अजून?

आजार लांबला नाही. इथे टोकोरोआत यंदा थंडी फार, सकाळी गवत पांढरं असतं. तशातच कामावर जायला निघाला आणि फाटकापाशी बसला तो बसलाच. शेजारच्या बाईने मला बोलावलं. मी पोचले तेव्हा हात गरम होता.

तुला गिरणीचं ते यंत्र बंद पडलं ते वर्ष आठवतं का? तीस-तीस वर्षांच्या नोकरीचे पैसे माणसांच्या हातात एकदम पडले आणि ते हातात धरून माणसं भांबावून गेली. मग ते पैसे गुंतवून देतो म्हणत वॉरन पिकफर्ड आला. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, नमस्काराला आपलं ‘किया ओराना’ म्हणताना जीभ अडखळायची तरी म्हणायचा. त्याच्या कार्डावर नावापुढे पदवीसारखी पाच सोनेरी अक्षरं होती. तू ते कार्ड उलटंसुलटं करून म्हणाली होतीस, “नावापेक्षा शेपूट लांब आहे गं याचं! पळाला तर धरायला बरं.” आपण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो होतो. तुआकानाने सगळे पैसे त्याला दिले, आणि दोन वर्षं त्याचे हिशोबाचे कागद वेळेवर येत राहिले. मग कागद थांबले, मग फोन लागेना, आणि ऑकलंडच्या त्याच्या पत्त्यावर पडदे विकणारं दुकान निघालं.

हे कळलं त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी मोरीपाशी तारोची पानं निवडत होते. तू तुआकानाला म्हणालीस, “एकतीस वर्षं राबलास, आणि देताना एका माणसाला विचारलं नाहीस?” तो म्हणाला, “नाही विचारलं.” तू म्हणालीस, “अरे, मीरीला तरी विचारायचंस! बावीस वर्षं लायब्ररीत बसते ती. दोन अक्षरं वाचून सांगितली असती.” तू पुढच्याच महिन्यात एकटी मांगाइआला निघून गेलीस. तुझं काय चुकलं? ज्या माणसाने कुणाला न विचारता आयुष्यभराची कमाई देऊन टाकली त्याच्याशी काय बोलायचं!

तू गेल्यावर वेलिंग्टनहून एक सरकारी बाई आल्या. चर्चच्या सभागृहात त्यांनी आम्हाला सगळं समजावलं, आणि तेपाएरु, त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पैसे गुंतवून देणाऱ्यांच्या नोंदणीची यादी वेगळी आणि सल्ला देण्याच्या परवान्याची वेगळी. पहिल्या यादीत फॉर्म भरून कुणीही नाव घालू शकतं, दुसऱ्यात तपासून घेतात. नावापुढच्या अक्षरांबद्दल म्हणाल्या, ती कुणी दिली, परीक्षा कसली होती, आणि मुख्य म्हणजे चुकला तर ती काढून घेणारं कुणी आहे का, हे विचारा. पिकफर्डची अक्षरं एका दिवसाच्या वर्गात विकत मिळाली होती. मी मागच्या बाकावर बसून सगळं लिहून घेतलं. लोक म्हणाले, बघा, मीरी किती काळजीची. त्यानंतर गावातले लोक असले कागद घेऊन माझ्याचकडे येऊ लागले. मी चष्मा विसरल्याचं सांगते. मार्चपासून लायब्ररीत जाणंच सोडलं आहे.

आता जे सांगायला बसले ते सांगते. त्याने विचारलं होतं, मलाच. पैसे देण्याच्या आदल्या आठवड्यात तो टोपी हातात धरून लायब्ररीत आला आणि म्हणाला, “मीरी, हा माणूस खरा आहे का बघ. तेपाएरुला घर हवंय, मला चूक करायची नाही.” मी सरकारी यादी उघडली. नाव होतं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. ती मी वाचली, तेपाएरु, दोनदा वाचली. मला तिचा अर्थ लागला नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या तरुण मुलीला विचारायची लाज वाटली. तोवर वीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलेली. मी म्हणाले, “आहे, सरकारी यादीत आहे.” तो खूश होऊन गेला. तुमच्या त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले, म्हणाले की मी तिला सांगते. तो म्हणाला, “कशाला? तुला या गावात राहायचंय, लोक तुला जगू देणार नाहीत. माझं काय, ती माझी बायको आहे. चार दिवस रागावेल, मग करेल फोन.” सहा वर्षं तो दर रविवारी जेवण झाल्यावर फोनजवळची खुर्ची धरून बसायचा. मी त्याला जेवण नेऊन द्यायचे, भांडी घासायचे आणि घरी यायचे. तुझा नंबर मला पाठ होता.

तुझीच,
मीरी