राजेंना साडेचार तारे

२ मार्च, सोमवार

संपादकांनी नव्या सिनेमाचा पास टेबलावर टाकला. "कौटुंबिक आहे, तुमच्याच खात्यातला. बघावा की बघू नये, तेवढं सांगून टाका." पासवर दिग्दर्शकाचं नाव — आमचे राजे! माझा सख्खा धाकटा भाऊ. परीक्षणाच्या सदराखाली माझं नाव नसतं. ते मी लिहिते हे घरच्यांना ठाऊक आहे, पण राजे माझा भाऊ हे संपादकांना ठाऊक नाही. मीही तोंड उघडलं नाही. असा पास रोज रोज मिळत नाही.

४ मार्च, बुधवार

पाहिला.

बाप अंथरुणाला खिळलेला, डोळे गेलेले. मुलगा नोकरी सोडून त्याची सेवा करतो. बहीण दारातून डोकावते, घड्याळ बघते, निघून जाते. सुरुवातीला पाटी — "माझ्या घरात घडलेली गोष्ट."

कोणाच्या घरात रे? बाबांचं सगळं मी केलं. हगणं-मुतणं, कूस बदलणं, सगळं. हा दोन वर्षांत दोनदा आला, आणि दोन्ही वेळा बॅगसुद्धा उघडली नाही.

आणि तो चमचा. बाबांना दिसेनासं झालं, तेव्हा मी वाटीच्या काठावर चमचा वाजवायचे. मग घास आलाय हे त्यांना कळायचं, ते तोंड उघडायचे. एकदा भरवताना याचा फोन चालू होता. "ताई, कसला आवाज गं?" मी सांगितलं. बाबांच्या आजारपणात त्याचा हातभार तेवढाच. आता सिनेमात नायक टणटण चमचा वाजवतो आणि अख्खं थिएटर नाक पुसतं.

चोर तो चोर, वर शिरजोर.

५ मार्च, गुरुवार

सकाळी एक तारा देऊन सालटी काढली. बघू नये. मग फाडून टाकलं. बघू नये म्हटलं तर कोणी बघणार नाही, आणि राजे सांगत फिरतील, ताईला पोटदुखी झाली. त्यापेक्षा बघू देत. आत्या, काका, शेजारच्या नर्सबाई — सगळ्यांनी आमचं घर आतून पाहिलंय. त्यांच्यासमोर बोलू दे खोटं. झाकली मूठ आहे ना, मीच उघडते.

साडेचार तारे. "सहकुटुंब पाहावा. या घरातलं सत्य लपून राहणार नाही." हे वाक्य लिहिताना फार मजा आली. उत्तरार्ध रेंगाळतो, ते नाही लिहिलं.

६ मार्च, शुक्रवार

छापून आलं. राजेंचा फोन — "ताई, डोळे भरून आले गं." भरू देत. रविवारची तिकिटं मीच काढली, सगळ्यांची. आईच्या डोक्यात आताशा जुन्या-नव्याची गल्लत होते, पण पोराचा सिनेमा म्हणून आतापासूनच साडी काढून बसलीय.

८ मार्च, रविवार

मध्यंतरात आत्याचे डोळे लाल. मला वाटलं, संतापानं. मनात म्हटलं, आता कुठे पळशील, राजे?

बाहेर तो उभाच होता. आत्यानं त्याला पोटाशी धरलं. "एवढं केलंस रे बापाचं, आणि आम्हाला पत्ताच नाही."

"आत्या, तू तर यायचीस. कोण भरवायचं बाबांना?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

ती गोंधळली. "अगं, तूही असायचीसच की."

तूही! काका म्हणाले, जुनं कशाला उकरतेस, चांगला दिवस आहे. नर्सबाई तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्याही बोलल्या नाहीत. राजे मान खाली घालून उभे. आपण नव्हतो, असं म्हणाले नाहीत. आई त्याचा हात सोडेना.

११ मार्च, बुधवार

आईला ताप. हातात वाटी धरवत नाही, म्हणून मी भरवायला बसले. तिचे डोळे मिटलेले होते. सवयीनं चमचा वाटीवर वाजवला. तिनं तोंड उघडलं, घास गिळला आणि हसली.

"छान जमतं हो तुला. त्याच्याकडून शिकलीस ना?"