मार्थाबाईंचं आडनाव

साकोली, गुरुवार, संध्याकाळ

पाळक घडवणाऱ्या इथल्या सेमिनरीतलं आजचं व्याख्यान वर्ण, पैसा आणि चर्च यावर होतं. पाहुणे पाळक बरे बोलले. परदेशातल्या चर्चमध्ये काळ्या भाविकांना मागे बसवायचे, पुढचे बाक देणगीदारांचे. सगळ्यांनी माना हलवल्या. परदेश लांब असला की मान हलवणं सोपं जातं.

मग सेमिनरीत स्वयंपाक करणाऱ्या मार्थाबाई दारातूनच म्हणाल्या, “आपल्या चर्चात पुढच्या बाकावर आमी कवा बसाचं जी?” प्राचार्यांनी तत्काळ चहा जाहीर केला.

बातमीसाठी मी बाईंना गाठलं, पूर्ण नाव विचारलं.

“मार्था.”

“आडनाव?”

बाई हसल्या. “कायले पायजे भाऊ? तुमीबी बाक ठरवून राहिले का?”

खरंच, कशाला विचारलं मी? बातमीसाठीच, की... लहानपणी वेदपाठशाळेत गोत्र सांगितल्याशिवाय आसन मिळत नसे. समदृष्टीचे श्लोक तोंडपाठ झाले, आणि ही विचारायची खोडही लागली.

घरी येऊन बातमी बाईंच्या प्रश्नानंच सुरू केली. नाव नुसतं मार्था. मान्यवरांना शेवटच्या ओळीत ढकललं. मागचा बाक कसा असतो, त्यांनाही कळू दे.

आत्ताच संपादकांचा फोन आला. “प्रश्न झकास आहे, पहिल्या पानावर घेतो. पण बाईंचं आडनाव राहिलं की! कोणापैकी आहेत त्या?”

चिडणार होतो. पण दुपारी तेच विचारून आलेला माणूस कोणत्या तोंडानं चिडणार? “माहीत नाही,” म्हणालो आणि फोन ठेवला.

खरंच माहीत नाही. आणि अजून कळावंसं वाटतंय, चीड त्याचीच आहे.