तिसरा बोल्ट

पपा, तुमचा बोल्ट सापडला. आपल्या गावची प्रत्येक नवरी ज्या राखाडी विलायती गाडीत बसून चर्चला जायची, ती गाडी ऑक्टोबरात चंदनसारच्या माझ्या शेडमध्ये आली. मालकांच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि इंजिनातून पाणी गळत होतं. होय, माझी स्वतःची शेड आहे आणि मी जुन्याच गाड्या घेते. पाटीवर आडनाव घातलेलं नाही, कारण ते तुमचं आहे.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला पाण्याचं जे झाकण आहे, त्याचे तीन बोल्ट थेट अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जातात. बावीस वर्षांपूर्वी, गावातल्या एका लग्नाच्या आदल्या सकाळी, त्यातले दोन मी आवळले होते आणि तिसरा तुम्ही. मला आजही तुमचं गॅरेज जसंच्या तसं दिसतं. तुम्ही पाना खाली ठेवता, मम्मीच्या नेलपॉलिशची बाटली उघडता आणि आवळलेल्या बोल्टावर लाल ठिपका देता. ठिपका म्हणजे तुमचा हात, त्याला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. माझ्या दोन बोल्टांवर ठिपका नव्हता. बाटलीला हात लावायची मला परवानगी नव्हती, आणि तेव्हा मी चोवीस वर्षांची घोडी होते.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या अलीकडच्या वळणावर झाकणातून पाणी उसळलं, वाफ झाली, गाडी जागेवर बसली. नवरी पांढरा झगा हातात धरून चिखलातून चालत गेली. मागे अख्खं गाव. तुम्ही वाकून पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पोरीच्या हातात पाना दिला, ती माझी चूक." त्याच संध्याकाळी गॅरेजची चावी माझ्याकडून काढून घेतलीत. गाडी तुम्ही एकट्याने दुरुस्त केलीत, दार आतून लावून. मी मात्र इतकी वर्षं स्वतःचा हात तपासत राहिले. कुठलाही बोल्ट आवळताना मनगट आखडायचं. कदाचित खरंच माझंच चुकलं असेल, असं वाटायचं. हे तुम्हाला कधीच माफ होणार नाही.

शेडमध्ये झाकण उघडलं तर माझे दोन्ही बोल्ट शहाण्यासारखे निघाले. तिसरा निघाला तो ताग आणि सफेद्याच्या लगद्यासकट. नळाच्या जोडाला लावतात तो मसाला तुम्ही तेव्हा दार लावून इंजिनात कोंबला होतात. बोल्टाच्या माथ्यावर काळवंडलेला लाल ठिपका. मी आट्यांवर आटे मोजायचा गेज लावला. गेज तुम्हीच दिलेला, मी पहिल्यांदा गिअरबॉक्स एकटीने उतरवला तेव्हा. तुमच्याकडून मिळालेली ती एकच शाबासकी. त्या गाडीचं सगळं इंचात, भोक अडीच सुताचं. तुमचा बोल्ट आठ एमएमचा. नुसत्या डोळ्याला दोन्हींत काही फरक नाही, पण आटे जुळत नाहीत. एक-दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर केला की अॅल्युमिनियमचे आटे भुगा होऊन येतात. "बोट आधी, पाना नंतर," हे दिवसातून दहा वेळा कोण सांगायचं? तीन फेरे बोटांनी गेला नाही तर बोल्ट तुझा नाही, असं बजावणारे तुम्हीच ना?

भोक साफ केलं, मोठं केलं, नवे आटे पाडून पोलादी कॉइल बसवली आणि योग्य बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत नेला. मग तुमचा बोल्ट घेऊन मालकांकडे गेले. म्हातारे वाडीत केळीला पाणी सोडत होते. त्यांनी बोल्ट हातात घेऊनही पाहिला नाही. म्हणाले, "ठाव हाय मला. तुजा बाप आलेला माज्याकडं, आठ दिवसांनी. बोलला, हात माजा व्हता. पन पोरीला सांगू नको."

म्हणजे कबुली दिलीत तुम्ही. गाडीच्या मालकाला दिलीत, फादरना दिली असेल, त्यांनी चार प्रार्थना सांगून मोकळं केलं असेल. घरात एका ताटावर जेवायला बसणाऱ्या मला नाही दिलीत. त्यानंतर सात वर्षं जगलात, पपा. सात वर्षं मी तुम्हाला आमटी वाढली. बोल्ट निघाला तेव्हा मला वाटलं होतं, चूक आपली हे तुम्हाला कळलंच नसेल. तेवढीच एक पळवाट मी तुमच्यासाठी ठेवली होती. तीही तुम्ही बुजवलीत.

म्हणून नोव्हेंबरात, सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जमतं त्या संध्याकाळी, मी मेणबत्ती आणलीच नाही. तुमच्या नावाच्या बरोब्बर खाली तो बोल्ट ठेवला, ठिपका वर करून. कोणीतरी विचारेल, मग सांगेन, मोठ्याने सांगेन, त्या वळणावर तुम्ही बोललात तसंच. वाक्य पाठ करून आले होते.

विचारलं ते आत्याने. खाली वाकली, ठिपका पाहिला आणि तिचे डोळे भरले. "हा तर दादाचा हात. एवढी वर्सं जपून ठेवलास, बाय?" शेजारच्या चार बायका वळून बघायला लागल्या.

हे पत्र गेजच्या डबीत घडी करून ठेवणार आहे, कारण तुमचा पत्ता दगडाखाली आहे. बोल्ट मी निघताना उचलून आणला. पुढच्या वर्षी पुन्हा नेईन, आत्या पोचायच्या आधी. या वर्षी मात्र मी तिला हो म्हणाले.